दहा गोळ्यांचा गुरुवार

[दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. स्टीलची वाटी. गोळ्या स्ट्रिपमधून एकेक करून वाटीत पडतात.]

चेहरा दाखवू नका, असं काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून इथे तुम्हाला फक्त त्यांचे हात दिसतील. गुरुवार सकाळ आहे. उपमा खाऊन झालाय. वाटीत चार मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या आहेत, पांढऱ्या आणि साबुदाण्यापेक्षा थोड्याच मोठ्या. काकू त्या दोनदा मोजतात आणि दोन घोटांत घेऊन टाकतात.

हे डेक्सामेथासोन, एक स्टेरॉइड. घरात त्याचं नाव नुसतं ‘डेक्सा’. काकूंना मल्टिपल मायलोमा आहे, रक्ताचा एक कॅन्सर. सुरुवात कंबरदुखीने झाली. तेल चोळून झालं, शेक झाला, पट्टा बांधून झाला. मग एकदा साध्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन सात आलं आणि तिथून धावपळ सुरू झाली.

आपल्या हाडांच्या पोकळीत, बोन मॅरोमध्ये, प्लाझ्मा पेशी असतात. जंतूंशी लढणारी प्रथिनं तयार करणं हे त्यांचं काम. त्यातली एक पेशी बिघडते आणि स्वतःच्याच प्रती काढत सुटते. या सगळ्या प्रती मिळून एकच निरुपयोगी प्रथिन रक्तात ओततात. त्याला एम प्रोटीन म्हणतात. हाडं पोखरली जातात, मूत्रपिंडं तुंबतात, रक्त कमी होतं. आजार वाढतोय की हटतोय हे त्या एम प्रोटीनवरून मोजता येतं. काकूंच्या फाईलमध्ये दर महिन्याला हा आकडा लिहिलेला असतो आणि घरातले सगळे आधी तोच बघतात.

हा आकडा लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. आणि तो फसवतोही.

काकूंचा प्रश्न साधा होता. “एवढं जालीम औषध आहे, तर आठवड्यातून एकदाच का? रोज का नाही?”

उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल.

[दृश्य: जुन्या वैद्यकीय नियतकालिकाची पानं]

1947 साली स्वीडनमधून बातमी आली की युरेथेन नावाच्या रसायनाने मायलोमाच्या रुग्णात फरक पडला. दुसरं औषध हाताशी नव्हतंच. डॉक्टरांनी युरेथेन धरलं आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं ते दिलं. रुग्णांना मळमळायचं, जेवण जायचं नाही, तरी घ्यायचे. कुणाला बरं वाटलं तर श्रेय युरेथेनला, नाही वाटलं तर दोष आजाराला.

मग अमेरिकेत जेम्स हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 83 रुग्णांचे दोन गट केले. कोण कुठल्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडलं. एका गटाला युरेथेन, दुसऱ्याला चेरी आणि कोलाच्या चवीचं सरबत. 1966 मध्ये निकाल छापून आला. जगण्याच्या हिशेबात युरेथेन सरबतापेक्षा सरस ठरलं नाही.

वीस वर्षं! मला यात डॉक्टरांचा खोटेपणा दिसत नाही. रुग्ण समोर कण्हत असताना हातातली बाटली बाजूला ठेवणं कुणाला जमतं? पण तुलनेला दुसरा गट नसेल तर चांगला डॉक्टरही स्वतःच्या डोळ्यांनी फसतो, एवढं त्या सरबताने दाखवून दिलं.

अर्थात दर वेळी सरबत लागतंच असं नाही. 1999 साली अमेरिकेतल्या आर्कन्सा विद्यापीठातून एक निबंध आला. लेखकांच्या यादीत पहिलं नाव सीमा सिंघल यांचं होतं. औषध होतं थॅलिडोमाइड. हो, तेच. गरोदरपणातल्या मळमळीवर दिलेलं, 1961 मध्ये जर्मनीत बाजारातून मागे घेतलेलं, ज्याच्यामुळे हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली ते. ट्यूमरला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या ते रोखतं, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं. म्हणून ते मायलोमाच्या 84 रुग्णांना दिलं गेलं. बाकीचे उपाय थकलेली माणसं होती ही. तुलनेचा गट नव्हता. 32 टक्के रुग्णांमध्ये एम प्रोटीन लक्षणीय उतरलं. इतका पुढे गेलेला मायलोमा आपोआप ओसरत नाही, त्यामुळे एवढ्यावरूनही औषधात दम आहे हे कळलं. गंमत म्हणजे ते नेमकं कुठे जाऊन चिकटतं हे समजायला 2010 उजाडलं. जपानमधल्या संशोधकांनी सेरेब्लॉन हे प्रथिन पकडलं तेव्हा.

थॅलिडोमाइडच्या रेणूत थोडा फेरफार करून लेनॅलिडोमाइड आलं. काकूंच्या डब्यातली कॅप्सूल ती हीच. भारतीय कंपन्या ती बनवतात, म्हणून ती काकूंच्या आवाक्यात आहे.

[दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर. काही तारखांवर लाल गोल.]

आता डेक्साकडे येऊ. लेनॅलिडोमाइडबरोबर डेक्सा द्यायचं हे ठरलेलं होतं. किती द्यायचं तेही 1980 च्या दशकापासून जवळपास ठरल्यासारखंच होतं: भरपूर. चार दिवस सलग, चार दिवस सुट्टी, पुन्हा चार दिवस. 28 दिवसांच्या चक्रात बारा दिवस, दर दिवशी 40 मिलिग्रॅम. काकूंच्या भाषेत महिन्याला 120 गोळ्या.

मेयो क्लिनिकचे डॉ. विन्सेंट राजकुमार यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत एक चाचणी उभी राहिली. नाव रुक्ष, ई-फोर-ए-झिरो-थ्री. नव्याने निदान झालेले 445 रुग्ण. लेनॅलिडोमाइड सगळ्यांना. फरक फक्त डेक्साचा. निम्म्यांना ते बारा दिवसांचं वेळापत्रक, निम्म्यांना आठवड्यातून एकदा, म्हणजे महिन्याला 40 गोळ्या.

पहिल्या चार महिन्यांचे आकडे आले. जास्त डेक्सावाल्यांपैकी 79 टक्के रुग्णांना गुण आला, कमीवाल्यांपैकी 68 टक्के. इथेच थांबलो असतो तर निकाल लागलाच होता. एम प्रोटीन उतरवण्यात मोठा डोस पुढे होता.

पण हाच हिशेब माणसांचा मांडला तेव्हा चित्र उलटलं. त्याच चार महिन्यांत जास्त डोसच्या गटात 12 जण दगावले, कमी डोसच्या गटात एक. शिरेत रक्ताची गुठळी होण्याचं प्रमाण 26 टक्के विरुद्ध 12 टक्के. गंभीर जंतुसंसर्गही जास्त. वर्षाअखेर मोठ्या डोसच्या गटातले 87 टक्के हयात होते, छोट्या डोसच्या गटातले 96 टक्के.

चाचणीवर नजर ठेवणारी एक स्वतंत्र समिती असते. आकडे तिला मधूनमधून दिसतात, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना नाही. हा फरक दिसल्यावर मोठ्या डोसवरच्या उरलेल्या रुग्णांनाही छोट्या डोसवर आणण्यात आलं. काकूंच्या कॅलेंडरवर फक्त गुरुवारी गोल का, याचं उत्तर हे.

मला या चाचणीचं कौतुक जास्त वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. डेक्सा जुनं आणि स्वस्त औषध आहे. ते कमी घ्या, असं सांगून कुणाच्या गल्ल्यात काय पडणार? तरीही कुणीतरी हा प्रश्न विचारला.

धडा मिळाला म्हणून तो कायमचा शिकला जातो असं नाही. 2019 मध्ये बेलिनी नावाच्या चाचणीची बातमी आली. 291 रुग्णांना बोर्टेझोमिब हे मायलोमाचं प्रस्थापित औषध आणि डेक्सा मिळत होतं. त्यावर दर तिघांपैकी दोघांना व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी, उरलेल्यांना तशीच दिसणारी नकली गोळी. व्हेनेटोक्लॅक्सवाल्यांचा आजार जवळजवळ दुप्पट काळ काबूत राहिला. आणि मृत्यू? त्यांच्यात 194 पैकी 41, नकली गोळीवाल्यांत 97 पैकी 11. अमेरिकेच्या औषध नियामकाने धोक्याचा इशारा दिला आणि व्हेनेटोक्लॅक्सच्या मायलोमा चाचण्यांमधली नवी भरती थांबवली. पुढे दिसलं की ज्यांच्या कर्कपेशींत 11 आणि 14 या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात, त्यांना त्या गोळीचा फायदा होत असावा.

[दृश्य: रुग्णालयाचा व्हरांडा. बाकावर फाईल घेऊन बसलेली माणसं, कमरेखालून.]

‘नकली गोळी’ हे शब्द ऐकून काकूंच्या मुलाने खुर्ची पुढे ओढली. “म्हणजे आईला कुणी खडूची गोळी देईल?”

ही भीती आम्हाला प्रत्येक व्हरांड्यात भेटली. बेलिनीत काय होतं ते पुन्हा बघा. प्रस्थापित औषध दोन्ही गटांना मिळत होतं, नकली गोळी त्याच्या जोडीला होती. गुणकारी उपचार हाताशी असताना रुग्णाला नुसत्या सरबतावर ठेवणं आज कुठली नीतिसमिती मान्य करणार नाही.

दुसरी भीती ‘गिनिपिग’ या शब्दात असते. ती उगाच नाही. आपल्याकडे संमतीच्या नावाखाली नुसते अंगठे घेतल्याच्या तक्रारी झाल्या, प्रकरणं सर्वोच्च न्यायालयात गेली. जून 2009 पासून चाचणीची नोंद सरकारी रजिस्ट्रीत करणं सक्तीचं आहे. ती कुणालाही इंटरनेटवर बघता येते. 2019 च्या नियमांनुसार संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा भाषेत हवं, वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार हवा, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाई. कधीही ‘मी थांबतो’ म्हणण्याचा हक्क रुग्णाला आहे.

कागदावर हे चोख आहे. पण मराठीतली काही संमतीपत्रं मी स्वतः वाचली. ‘यादृच्छिकीकरण’ हा शब्द त्यात होता. तो शब्द काकूंसमोर ठेवला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि विचारलं, “म्हणजे चिठ्ठ्या टाकणार?” हो, काकू. तेवढंच लिहिलं असतं तर चाललं असतं.

चाचण्यांपुढे आता वेगळीच अडचण आहे. रुग्ण पूर्वीपेक्षा बरेच जास्त जगतात. कोण किती जगलं हे मोजायचं तर निकालाला दहा-दहा वर्षं लागतील. म्हणून एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने 12 विरुद्ध शून्य मतांनी कौल दिला: बोन मॅरोतल्या लाखभर पेशींत एकही मायलोमा पेशी सापडत नसेल, तर औषधाला लवकर मंजुरी देताना तो पुरावा धरावा. औषधं लवकर येतील, हे खरं. पण तोही शेवटी एक आकडाच आहे, आणि 79 टक्क्यांची गोष्ट आपण आत्ताच ऐकली.

[दृश्य: रात्र. त्याच ओट्यावरचा दिवा.]

गुरुवारची रात्र. घड्याळात अडीच वाजलेत. डेक्साच्या रात्री झोप येत नाही, हे त्या गोळ्या घेणाऱ्या कुणालाही विचारा. काकू मेथी निवडतायत. दोन जुड्या संपल्या, तिसरी सोडलीय.

मी त्यांना जुनं वेळापत्रक सांगितलं. महिन्याचे बारा दिवस.

“बारा रात्री?” हात थांबले. “अगं बाई. मग एवढी मेथी आणायची कुठून?”

आणि त्या पुढची काडी खुडतात.