दुपारच्या टीव्हीला फोन लावणारी माणसं

नमस्कार मंडळी. दुपारचे चर्चेचे कार्यक्रम आणि त्यावर लोक काय म्हणतात असा विषय मला दिलाय, आणि मी सुरुवात माझ्या आत्यापासून करणार आहे कारण हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो तिच्यामुळेच. आत्या दुपारी भांडी आवरून झाली की टीव्ही लावायची. एका चॅनलवर नवीनच चर्चेचा कार्यक्रम सुरू झाला होता, रोज एक विषय, दोन पाहुणे आणि खाली फोन नंबर. ती रोज बघायची आणि पाहुण्यांशी मोठ्याने बोलायची, "अहो पण असं नसतं ना", वगैरे. एक दिवस हिय्या करून तिने फोन लावला. चाळीस मिनिटं कानाला रिसीव्हर, मी शेजारी बसलेलो, तेव्हा कॉलेजात होतो. शेवटी नंबर लागला, तिने नाव सांगितलं, गाव सांगितलं, प्रश्नाला सुरुवात केली तोच निवेदिका म्हणाली "ताई जरा थोडक्यात" आणि पुढच्या क्षणी ब्रेक. लाईन कट. आत्या काही बोलली नाही, उठून कपडे वाळत घालायला गेली. मला ते अजून लागतं.

तर टीव्हीवाल्यांमध्ये एक समज फार जुना आहे, की दुपारी टीव्ही बघतात त्या रिकाम्या बायका, त्यांना सिरीयल द्या, रेसिपी द्या, बक्षिसांचे खेळ द्या, बातम्या आणि राजकारण रात्री साहेब घरी आल्यावर. हा समज किती खोटा आहे ते १९६७ सालीच दिसलं होतं, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन नावाच्या शहरात. न्यूयॉर्क नाही, लॉस एंजेलिस नाही. डेटन.

तिथे फिल डोनाह्यू नावाचा एक तिशीतला माणूस होता. आधी बातम्या द्यायचा, रेडिओवर लोकांचे फोन घ्यायचा कार्यक्रम करायचा. त्याला तिथल्या एका लोकल स्टेशनवर सकाळचा, म्हणजे घरी असणाऱ्या बायकांच्याच वेळचा, कार्यक्रम मिळाला. पैसे कमी, बँड नाही, सोफा नाही, मोठा स्टार डेटनला येणार कशाला. मग ठरलं की एकच पाहुणा, एकच विषय आणि पूर्ण एक तास. ६ नोव्हेंबर १९६७ ला पहिला एपिसोड, आणि पहिली पाहुणी कोण, तर मॅडलिन मरे ओहेअर, देव मानत नाही असं उघड सांगणारी बाई. शाळांमधलं सक्तीचं बायबल वाचन बंद व्हावं म्हणून तिने केलेली केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती आणि १९६३ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला होता. अमेरिकेतली सगळ्यात नकोशी बाई असं तिच्याबद्दल तेव्हाच्या एका मोठ्या मासिकात छापून आलं होतं. आणि डोनाह्यू स्वतः चर्चला जाणारा कॅथलिक.

आता यातली गंमत नीट ऐका, कारण माझ्या मते सगळं इथेच घडलं. त्या वेळेला आधी एक गाण्याबजावण्याचा कार्यक्रम लागायचा, त्याचा होस्ट सोडून गेला होता, पण त्याची तिकिटं आधीच वाटून झालेली. म्हणजे बायका ठरल्याप्रमाणे स्टुडिओत आल्या, गाणी ऐकायला म्हणून आल्या, आणि समोर काय, तर नास्तिक बाई आणि देवाधर्माची चर्चा. त्यांना परत पाठवणं बरं दिसलं नसतं म्हणून बसवून घेतलं. कार्यक्रम सुरू झाला, डोनाह्यू आपले प्रश्न विचारत होता, आणि जाहिराती लागल्या की या बायका पाहुण्यांना त्यांचे प्रश्न विचारायच्या. असं काही दिवस चाललं आणि त्याच्या लक्षात आलं की ब्रेकमधले बायकांचे प्रश्न आपल्या प्रश्नांपेक्षा चांगले आहेत. चांगले म्हणजे नेमके, घरातून आलेले, जिथे दुखतं तिथे बोट ठेवणारे. मग तो माईक घेऊन उठला आणि खुर्च्यांच्या रांगांमध्ये जाऊन उभा राहिला. आज आपण हजार ठिकाणी बघतो ना, निवेदक माईक घेऊन प्रेक्षकांत पळतोय, ते तिथून नावारूपाला आलं. ऐकून घेण्यातून आलेली गोष्ट आहे ती, स्टाईल म्हणून नाही.

आणि घरी बसलेल्यांचे फोन होतेच. पहिल्याच आठवड्यात अंत्यसंस्काराच्या धंद्यातला माणूस येऊन गेला, बाळंतपणावर कार्यक्रम झाला आणि एक दिवस त्याने एक बाहुला दाखवला, लहान मुलाचा, शरीराचे सगळे अवयव असलेला. विचारलं की असं खेळणं मुलांच्या हातात द्यावं का नाही, फोन करून सांगा. तर इतके फोन आले की डेटनची टेलिफोन यंत्रणा तुंबली. कुणी चिडलेलं, कुणी म्हणतंय त्यात काय एवढं. पण जरा विचार करा, ज्यांना कोणी काही विचारतच नव्हतं त्या बायका एका हाकेला धावून आल्या. पुढे डोनाह्यूचं "कॉलर लाईनवर आहे का?" हे वाक्य अमेरिकेत घरोघरी माहीत झालं. १९७० पासून कार्यक्रम इतर शहरांतही दिसायला लागला, १९७४ मध्ये शिकागोला गेला, नंतर न्यूयॉर्कला, आणि १९९६ ला थांबला. २९ वर्षं. १९८२ मध्ये, एड्सचं नाव घ्यायला लोक घाबरायचे तेव्हा, त्याने दिवसाच्या वेळी त्यावर तास दिला. अशाच कार्यक्रमांनी पुढे गाजलेल्या ओप्रा विन्फ्रेनेही उघड मान्य केलंय की डोनाह्यूनेच आपली वाट मोकळी केली. तो २०२४ च्या ऑगस्टमध्ये गेला, ८८ वर्षांचा होता.

टीका झाली नाही असं नाही. शेवटच्या काही वर्षांत दुपारच्या टीव्हीवर भांडणं लावून देणारे कार्यक्रम आले, खुर्च्या फेकणारे, आणि स्पर्धेत डोनाह्यूही कधीकधी तिकडे घसरला. मला ते आवडत नाही, त्यात माणसाचा तमाशा होतो. पण त्यासाठी फोन करणाऱ्या बाईला दोष देऊ नका, तिला तमाशाच पाहिजे असं ठरवलं कोणी?

दुसरं उदाहरण इंग्लंडचं, अगदी अलीकडचं. एप्रिल २०१५ मध्ये बीबीसीने व्हिक्टोरिया डर्बीशायर यांचा कार्यक्रम सुरू केला, रोज सकाळी सव्वानऊला, बातम्या आणि चर्चा. नोव्हेंबर २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड आणि आणखी काही माजी फुटबॉलपटू त्यांच्यासमोर येऊन बसले आणि लहानपणी कोचने आपल्यावर केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल बोलले. मोठे, धिप्पाड पुरुष, सकाळच्या वेळी टीव्हीवर रडत होते. यावर आलेली प्रतिक्रिया नुसती 'छान कार्यक्रम' अशी नव्हती. मुलांसाठी काम करणाऱ्या एनएसपीसीसी या संस्थेने त्याच सुमाराला हेल्पलाईन उघडली तर पहिल्या आठवड्यात ८०० च्या वर फोन आले, कितीतरी जण आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते. त्या कोचला २०१८ मध्ये शिक्षा झाली, आणि कार्यक्रमाला २०१७ चा बाफ्टा, म्हणजे ब्रिटनमधला टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाला होता. तरी जानेवारी २०२० मध्ये ठरलं की खर्च जास्त, टीव्हीवर बघणारे कमी, बंद करा. डर्बीशायरना स्वतःला ही बातमी पेपरमधून कळली, हे त्यांनीच सांगितलं. प्रेक्षकांनी सह्यांची मोहीम काढली, उपयोग झाला नाही, मार्चमध्ये कोरोना आला आणि कार्यक्रम गेला तो गेलाच.

मला राग येतो तो या मोजण्याचा. किती लोकांनी बघितलं एवढंच मोजता, पण बघून एखाद्याने तीस वर्षांनी तोंड उघडलं ते कुठल्या रकान्यात लिहिता? आपल्याकडे जे कोणी दुपारचा कार्यक्रम काढणार असतील त्यांना मी हात जोडून एवढंच सांगेन की फोन घेतलात तर माणसाला वाक्य पूर्ण करू द्या. विषय रोज तीन घेऊ नका, एक घ्या. आणि आलेले फोन संध्याकाळी परत ऐका, उद्याचा विषय त्यातच सापडेल.

आत्याचा प्रश्न सांगायचा राहिला. त्या दिवशी चर्चा होती मुलींच्या शिक्षणावर, मोठी माणसं बोलत होती. आत्याने पाठकोऱ्या कागदावर लिहून ठेवलं होतं, तो कागद मी बघितला. दुपारची दोनची एसटी बंद केली, पुढची साडेपाचला, थंडीत घाटात अंधार होतो, तर अकरावी-बारावीच्या मुलींनी साडेतीन तास स्टँडवर बसायचं का कॉलेज सोडायचं?