ज्याने राजाकडून राज्यघटना घेतली

श्रोतेहो, नमस्कार. अथेन्सच्या संसदेसमोरचा सिंताग्मा चौक, म्हणजे राज्यघटना चौक, तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. त्याला ते नाव ज्या रात्रीमुळे मिळालं, त्या रात्री फौज घेऊन तिथे उभा होता दिमित्रिओस कालेर्गिस. घोडदळाचा अधिकारी, आणि एक कान गमावलेला.

कान कसा गेला? कालेर्गिस क्रीटचा, जन्म १८०३चा. तुर्की सत्तेविरुद्ध ग्रीक उठले तेव्हा तोही लढ्यात उतरला. १८२५मध्ये क्रीटजवळचा ग्रामवूसा किल्ला घेणाऱ्यांत तो पुढे होता. १८२७मध्ये अथेन्सजवळ फालिरोच्या लढाईत ग्रीकांची दाणादाण उडाली आणि तो तुर्कांच्या हाती लागला. त्यांनी त्याचा कान कापला, मग खंडणी घेऊन सोडला.

बंडखोराचा पुढे शिस्तीतला अधिकारी झाला. आधी फ्रेंच कर्नल फाब्विएचा, नंतर राज्यप्रमुख कापोदिस्त्रिआसचा तो सहायक होता. कापोदिस्त्रिआसचा १८३१मध्ये खून झाला आणि १८३३मध्ये बव्हेरियाहून सतरा वर्षांचा राजा ऑथो आला. त्याच्यासोबत बव्हेरियन अधिकारी आले, सैन्य आलं. राज्यघटना तेवढी आली नाही. दहा वर्षं लोकांनी वाट पाहिली.

३ सप्टेंबर १८४३. कट शिजवण्यात जुना सेनानी माक्रीयानिस पुढे होता, पण त्या रात्री शिपायांनी त्याच्या घराला वेढा घातला. बेत फसलाच असता. कालेर्गिसने फौज बाहेर काढली आणि थेट राजवाड्यापुढे, म्हणजे आजच्या संसदेपुढे, नेऊन उभी केली. मागणी एकच, राज्यघटना. राजाने पहाटेपर्यंत घासाघीस केली आणि अखेर मान तुकवली. जवळजवळ रक्त न सांडता हे घडलं. सैनिकाने राजाला हुकूम द्यावा हे मला तत्त्वतः पटत नाही, पण त्या रात्री दुसरं कोण बोलणार होतं?

गंमत पुढे आहे. त्याच राजाने कालेर्गिसला आपला एडीसी, म्हणजे खास लष्करी सहायक, नेमलं! ही जवळीक टिकली नाही. १८४५मध्ये त्याला पद सोडून लंडन गाठावं लागलं. १८५४मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजा पिरेउस बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांच्या दबावाखालच्या मंत्रिमंडळात तो युद्धमंत्री म्हणून परतला. हे पद त्याच्या नावाला शोभत नाही, असं मला वाटतं. १८६१मध्ये तो पॅरिसला ग्रीसचा राजदूत म्हणून गेला.

१८६७मध्ये तो अथेन्समध्ये वारला. त्या वेळी क्रीटमध्ये नवा उठाव पेटलेला होता. त्याचं बेट ग्रीसमध्ये सामील व्हायला १९१३ उजाडलं.