पुस्तकातून घडणारा मनकवडा

[पडद्यावर: अर्धवट लोटलेलं दार. अलीकडे टेबल, टेबलावर गरगरणारं नाणं.]

दाराबाहेर एक माणूस उभा आहे. आत त्याचा जोडीदार पाहुण्यांसमोर नाणं उडवतो आणि विचारतो, "काय पडलं?" बाहेरून उत्तर येतं, "छाप." नाणं पुन्हा उडतं. "सांग, काय पडलं?" "काटा." दर वेळी बरोबर! बाहेरचा म्हणतो, नाण्याच्या आवाजावरून मला कळतं. मग सगळे पाहुणे कान देऊन नाण्याचा आवाज ऐकतात. जोडीदाराच्या प्रश्नाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही, आणि उत्तर त्या प्रश्नातच आहे. एका तऱ्हेनं विचारलं तर छाप, शब्द जरा बदलले की काटा.

हा खेळ १५८४ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ या पुस्तकात आहे. लेखक रेजिनाल्ड स्कॉट, केंट परगण्यातला गृहस्थ. त्या काळी तिथे चेटकीण ठरवून माणसांना, त्यातही मुख्यतः गरीब म्हाताऱ्या बायकांना, फासावर चढवलं जात होतं. लोक ज्याला सैतानाची करणी समजतात त्यातलं कितीतरी हातचलाखीनं आणि संगनमतानं करता येतं, हे स्कॉटला दाखवून द्यायचं होतं. जादूगार घडवावेत हा त्याचा हेतूच नव्हता. पण पुढे शतकानुशतकं जादूगार हे पुस्तक वाचत आले. मनकवडेपणाच्या विद्येला छापील रूप मिळालं ते असं, माणसांचे जीव वाचवण्याच्या तळमळीतून. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

[पडद्यावर: जुन्या मासिकाची पिवळी पानं. एक हात पान उलटतो.]

मेंटॅलिझम म्हणजे मन वाचल्याचा, भविष्य आधीच लिहून ठेवल्याचा, दुसऱ्याचा विचार पकडल्याचा प्रयोग. विसाव्या शतकात ही विद्या पुस्तकांतून शिकवणाऱ्यांत दोन नावं सगळ्यात आधी येतात. पहिलं थिओडोर ॲनेमन. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला हा तरुण १९३४ पासून ‘द जिंक्स’ नावाचं छोटं नियतकालिक काढायचा. १९४१ च्या अखेरीपर्यंत त्याचे १५१ अंक निघाले. साहित्याचा पसारा कमी, परिणाम थेट आणि प्रेक्षकाला दुसऱ्या दिवशी एका वाक्यात सांगता येईल असा प्रयोग, ही त्याची आवड. माणूस मात्र आतून खचलेला होता. जानेवारी १९४२ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याच्या मासिकातले निवडक प्रयोग १९४४ साली पुस्तकरूपानं आले. आजही नवशिक्याला पहिल्या दोन-तीन पुस्तकांत ते सुचवलं जातं.

दुसरं नाव टोनी कोरिंडा. लंडनमधला हा जादूच्या सामानाचा विक्रेता. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यानं एकामागून एक तेरा पुस्तिका काढल्या आणि मग त्यांचं एकच जाडजूड पुस्तक झालं, ‘थर्टीन स्टेप्स टु मेंटॅलिझम’. तेरा पायऱ्या. चिठ्ठ्या, भाकितं, डोळ्यांवरची पट्टी, पुस्तकातला शब्द ओळखणं, दोघांमधला विचारसंदेश, प्रसिद्धीसाठी करायचे मोठे प्रयोग, सगळं त्यात आहे. कोरिंडा लिहितो ते कामाच्या माणसासारखं. कुठल्या खिशात काय ठेवायचं, कागद केवढा हवा, पेन्सिल किती लांब हवी.

हे पुस्तक पहिल्यांदा वाचणाऱ्याची निराशा होते. गुपित म्हणून जे असतं ते चार ओळींत संपतं. "एवढंच?" असं मनात येतं आणि बरेच जण तिथेच पुस्तक मिटतात. उरलेल्या पानांत काय आहे, ते आता पाहू.

[पडद्यावर: पाटीवर खडूनं लिहिलेले आकडे. शेजारी अक्षरं उमटत जातात.]

तिसरी पायरी स्मरणाची आहे. युरोपात जुनी असलेली एक पद्धत इथे शिकवली जाते. प्रत्येक अंकाला एक व्यंजन ठरवून द्यायचं. १ म्हणजे त किंवा ट. २ म्हणजे न. ३ म्हणजे म, ४ म्हणजे र, ५ म्हणजे ल. ७ म्हणजे क, ९ म्हणजे प. स्वरांना किंमत नाही, ते हवे तसे भरायचे. मग १४ म्हणजे तार. ४१ म्हणजे रात. ७२ म्हणजे कान आणि ९५ म्हणजे पाल. समोरच्यानं चौदावी वस्तू म्हणून ‘छत्री’ सांगितली, की तारेवर उलटी लटकलेली छत्री डोळ्यांसमोर आणायची. बहात्तरावी वस्तू ‘गूळ’ असेल तर कानात गुळाचा खडा. चित्र जितकं विचित्र, तितकं ते पक्कं बसतं. नंतर कुणी कोणताही आकडा विचारला, तरी चित्र समोर उभं राहतं.

आपल्याकडच्या जाणकारांना हे वाचताना कटपयादि आठवेल. क, ट, प, य या प्रत्येकाची किंमत एक, आणि तिथून पुढे अक्षरं मोजत जायचं. या पद्धतीनं आपल्याकडच्या गणित्यांनी आकडे श्लोकांत बांधून ठेवले. अवधानाची, म्हणजे एकाच वेळी अनेक गोष्टी ध्यानात धरून ठेवण्याची, परंपराही आपलीच. १८९१ मध्ये गांधीजी विलायतेहून मुंबईत परतले तेव्हा डॉ. मेहतांच्या घरी त्यांची रायचंदभाईंशी, म्हणजे श्रीमद् राजचंद्रांशी, ओळख झाली. हे शतावधानी आहेत, असं त्यांना सांगण्यात आलं. गांधीजींनी आपल्याला येणारे युरोपीय भाषांतले शब्द एकामागून एक ऐकवले आणि रायचंदभाईंनी ते सगळे त्याच क्रमानं परत म्हणून दाखवले. आत्मकथेत गांधीजी लिहितात की या शक्तीचा त्यांना हेवा वाटला, पण त्यांना भारून टाकलं ते पुढे दिसलेल्या शास्त्रज्ञानानं आणि निर्मळ चारित्र्यानं. स्मरणाचा प्रयोग करणाऱ्या प्रत्येकानं आत्मकथेतलं ते प्रकरण वाचावं असं मला मनापासून वाटतं.

स्मरणाइतकीच नजरही तयार करावी लागते. फ्रान्सचा जादूगार रॉबेर-उदँ यानं १८४६ मध्ये आपल्या एमिल या मुलासोबत ‘दुसऱ्या दृष्टी’चा प्रयोग रंगमंचावर आणला. मुलाच्या डोळ्यांवर पट्टी, आणि बाप प्रेक्षकांत फिरून वस्तू हातात घेणार. त्याच्या तयारीबद्दल त्यानं आठवणींत लिहून ठेवलं आहे. दोघं खेळण्यांच्या दुकानासमोरून चालत जात, काचेआड एक नजर टाकत आणि पुढे जाऊन कागदावर वस्तूंची यादी करत. मुलगा चाळीसपर्यंत वस्तू लिहायचा, बाप जेमतेम तिसाला पोचायचा. हाच रॉबेर-उदँ सांगतो की तरुणपणी त्यानं घड्याळांवरची पुस्तकं मागितली होती आणि दुकानदारानं चुकून जादूची हातात दिली. तोही पुस्तकातूनच शिकलेला!

[पडद्यावर: खोलीत दहा-बारा माणसं. एका तरुणानं डोळ्यांना पट्टी बांधली आहे. दुसऱ्यानं त्याचं मनगट धरलं आहे.]

आता कोरिंडाची दुसरी पायरी, मला सगळ्यात प्रिय असलेली. स्नायूंचं वाचन. हिच्यात लपवाछपवी अजिबात नाही.

खोलीत कुणीतरी एक किल्ली लपवली आहे. लपवणाऱ्यानं तुमचं मनगट धरायचं आणि मनातल्या मनात तुम्हाला वाट सांगायची. उजवीकडे. पुढे. थांब. तोंडातून शब्द काढायचा नाही. तुम्ही अर्धं पाऊल डावीकडे टाकता आणि त्याचा हात किंचित जड होतो. उजवीकडे वळता आणि तो जडपणा जातो. मग त्या बाजूला झपझप चालायचं, कारण रेंगाळलात तर तो विचार करायला लागतो आणि हात गप्प होतो. कपाटाशी आल्यावर मोकळा हात फळ्यांवरून फिरवायचा. वरची फळी, ओढ कायम. मधली फळी, ओढ थांबली. डब्यांवरून हात सरकतो, एका डब्यापुढे गेला की मनगट मागे खेचलं जातं. तोच डबा.

ज्यानं हात धरलाय त्याला विचारा. तो शपथेवर सांगेल, मी काहीच केलं नाही. आणि तो खरं बोलतो आहे. इंग्लंडचा शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यानं १८५२ मध्ये हे मांडलं होतं: एखाद्या हालचालीची नुसती कल्पना मनात आली तरी स्नायू तिकडे नकळत ओढ घेतात. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडेनं प्रेतात्म्यांच्या बैठकीत फिरणाऱ्या टेबलांवर प्रयोग करून दाखवलं, की टेबल बसलेल्यांचेच हात ढकलतात, त्यांना पत्ता नसताना. १८७० च्या दशकात अमेरिकेत जे. रँडल ब्राऊन लपवलेल्या वस्तू शोधून गर्दी जमवू लागला, तेव्हा न्यूयॉर्कचे मज्जारोगतज्ज्ञ जॉर्ज बिअर्ड यांनी त्याचा उलगडा याच दिशेनं केला. त्याच्यापाठोपाठ आलेल्या वॉशिंग्टन अर्व्हिंग बिशपनं ही विद्या जगभर फिरवली.

बर्लिनचा हान्स घोडा मात्र सांगितलाच पाहिजे. खुरानं टापा मारून तो बेरजा-वजाबाक्या सोडवतो, अशी त्याची ख्याती होती. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकानं बारकाईनं पाहिलं, तर प्रश्न विचारणारा बरोबर आकड्याला नकळत डोकं किंचित हलवायचा आणि घोडा तिथे थांबायचा. मग फुंग्स्टनं स्वतः घोड्याची जागा घेतली. समोरच्यानं मनात आकडा धरायचा, फुंग्स्ट हातानं टेबलावर ठोके देणार आणि त्याचं डोकं हललं की थांबणार. जवळपास प्रत्येक माणसाकडून त्याला उत्तर मिळालं. १९०७ मध्ये हे छापलं गेलं. जे पाहायला वर्षानुवर्षं कुणालाही जमलं नव्हतं, ते घोडा पाहत होता.

[पडद्यावर: पाच बंद पाकिटं. एक कपाळाला लावलं जातं.]

याच पुस्तकांत एक वाकडी वाटही दिसते. पाच भक्तांनी पाच चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून पाकिटं बंद केली. बुवा पहिलं पाकीट कपाळाला लावून म्हणतो, "कुणाच्या तरी मुलीचं लग्न अडलंय." गर्दीतली एक बाई रडत उठते, "माझ्याच मुलीचं, महाराज!" ती बाई बुवाचीच माणूस आहे. ‘बरोबर आहे ना, पाहू’ म्हणून बुवा पाकीट फोडतो. आत प्रश्न असतो दुसऱ्याच कुणाचा तरी. तो गुपचूप वाचायचा, आणि दुसरं पाकीट कपाळाला लावून त्याचं उत्तर द्यायचं. प्रत्येक वेळी एक चिठ्ठी पुढे. रंगमंचावर हा प्रयोग आहे. दारावर नवसाची ओळ लागली की तो गुन्हा आहे.

महाराष्ट्रात तर कायद्यानं गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. तथाकथित चमत्कार करून पैसे कमावणं, लोकांना फसवणं, घाबरवणं यासाठी त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव हेच ‘चमत्कार’ करून दाखवतात आणि मग त्यामागची युक्ती उलगडून सांगतात. स्कॉटनं केंटमध्ये बसून केलं ते याहून वेगळं नव्हतं. मनकवड्याचे प्रयोग शिकणाऱ्यानं आपल्याला दैवी शक्ती असल्याचा दावा कधीही करू नये. कुणी कार्यक्रमानंतर हळूच येऊन "माझा हरवलेला मुलगा कुठे आहे?" असं विचारलं, तर उत्तर एकच: मला ते कळत नाही, हा खेळ आहे.

[पडद्यावर: जुन्या कृष्णधवल दूरचित्रवाणीचा पडदा.]

चुकण्याचं काय? पोलंडमध्ये जन्मलेला चॅन कॅनास्टा १९५० च्या दशकात ब्रिटिश दूरचित्रवाणीवर आला. तो आपल्या कामाला प्रयोग म्हणायचा आणि पडद्यावर उघडउघड चुकायचा. पत्त्याचं एक पान हुकलं, तर हसून पुढे जायचा. लोकांचा त्याच्यावरचा विश्वास उलट वाढला, कारण हातचलाखी करणारा कधी चुकत नाही, विचार पकडणारा चुकू शकतो. पुस्तकात हे धाडस शब्दांत मांडलेलं सापडतं, पण अंगात यायला प्रेक्षकच लागतात.

[पडद्यावर: वही. हात मराठीत एक शब्द लिहितो. फक्त पेन्सिलचं वरचं टोक दिसतं.]

मराठीतून शिकणाऱ्याला एक काम जास्तीचं आहे. त्याच दुसऱ्या पायरीत कोरिंडा पेन्सिलच्या हालचालीवरून लिहिलेलं ओळखायलाही शिकवतो. कागद दिसत नाही, फक्त पेन्सिलचं वरचं टोक दिसतं. त्याचे धडे रोमन लिपीचे. आपल्या लिपीसाठी तेच धडे स्वतः नव्यानं बसवावे लागतात. २ आणि ३ सुरुवातीला सारखेच वळतात, मग ३ पुन्हा आत वळतो. उकार असला की टोक ओळीखाली उतरतं, मात्रा असली की वर उडतं. आणि शब्द संपल्यावर बरेच जण शिरोरेषा ओढतात, एका दमात. ती किती लांब गेली त्यावरून शब्द किती अक्षरी आहे याचा अंदाज येतो. इंग्रजी लिहिणाऱ्याकडून ही मदत कधीच मिळत नाही.

ज्याच्या हाती आज हे पुस्तक येईल त्यानं पहिली पायरी तूर्त बाजूला ठेवावी. ती एका छोट्या उपकरणाची आहे, आणि ते हाती आलं की बाकीचं शिकायची घाई उरत नाही. तिसरी उघडा, शंभर आकड्यांचे शंभर मराठी शब्द स्वतः बांधा, दुसऱ्याचे घेऊ नका. मग दुसरी. घरात कुणी किराण्याची यादी लिहीत असेल तर समोर बसा, टोकाकडे पाहा, मनात शब्द धरा आणि यादी हातात आल्यावर ताडून पाहा. कुणाला सांगू नका. किती जुळलं, किती चुकलं आणि कोणतं अक्षर दर वेळी चकवतं, ते तारखेसह वहीत लिहीत जा.