शेतीचं अनुदान आणि चंडोलाचं घरटं

नमस्कार. गहू पेरताना पेरणीयंत्र काही क्षण बंद ठेवायचं, 16 चौरस मीटरचा तुकडा रिकामा सोडायचा आणि त्याचे पैसे सरकारकडून घ्यायचे. इंग्लंडमध्ये अशी योजना आहे. ती आहे स्कायलार्कसाठी, म्हणजे आपल्या चंडोलाच्या भाऊबंदासाठी.

ही वेळ आली कशी? युरोपचं सामायिक कृषी धोरण 1962 चं. पैसा आधी उत्पादनावर मिळायचा, नंतर क्षेत्रावर. दोन्हींत पडीक कोपरा म्हणजे तोटाच. त्यात गव्हाची पेरणी वसंतातून शरदात सरकली. असा गहू मे महिन्यात इतका उंच आणि दाट होतो की चंडोलाला जमिनीवर उतरताच येत नाही. त्याला वर्षात दोन-तीन विणी लागतात, पण पहिलीनंतर जागाच उरत नाही. मग तो ट्रॅक्टरच्या चाकोरीलगत घरटं करतो, आणि कोल्हा त्याच चाकोरीने चालत येतो.

म्हणून तुकड्यांचे नियम नीट पाळावे लागतात. शेत 5 हेक्टरहून मोठं हवं. हेक्टरी दोन तुकडे, प्रत्येक किमान 3 मीटर रुंद. बांधापासून 50 मीटर आत, कारण कुंपणाच्या झाडांवर शिकारी पक्षी बसतात. आणि तुकडा चाकोरीला अजिबात जोडायचा नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: चाकोरीलगतचा तुकडा सोपा पडतो, पण तो कोल्ह्याच्या वाटेवरच येतो. तुकड्यात थोडं तण उगवलं तर उगवू द्या, पिल्लांना किडे तिथेच मिळतात. हेक्टरमागे जमीन जाते फक्त 32 चौरस मीटर, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही.

नुसती जमीन मोजणारी अट मात्र फसते. 2015 पासून युरोपीय संघाने मोठ्या शेतांना 5 टक्के क्षेत्र निसर्गासाठी ठेवायला लावलं, पण त्यात कडधान्यं आणि आंतरहंगामी पिकंही (दोन मुख्य पिकांच्या मधल्या काळात घेतलेली) चालत होती. बहुतेकांनी तीच दाखवली. पक्ष्यांना त्यातून फारसं काही मिळालं नाही.

नेमकी अट काय करते ते नैऋत्य इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात दिसतं. 1989 मध्ये ब्रिटनमध्ये सर्ल बंटिंग या दाणे टिपणाऱ्या छोट्या पक्ष्याच्या 118 जोड्या उरल्या होत्या. बार्लीची धसकटं तणासकट हिवाळाभर उभी ठेवण्याचे पैसे शेतकऱ्यांना मिळू लागले. 2016 च्या गणनेत जोड्या हजारावर गेल्या. हे पक्षी हिवाळ्यातही दूर जात नाहीत, म्हणून ज्या झुडपांच्या कुंपणांत ते घरटी करतात, त्यांच्याजवळच धसकटं हवीत, आणि नांगर मार्च संपल्यावरच घालायचा.