फोर्झा इटालिया: प्रेक्षकांतून उभा राहिलेला पक्ष

मित्रहो, मिलानचे उद्योगपती सिल्व्हिओ बर्लुस्कोनी यांनी २६ जानेवारी १९९४ रोजी आधीच चित्रित केलेल्या भाषणातून राजकारणात उतरत असल्याचे जाहीर केले आणि मार्चअखेरच्या निवडणुकीत त्यांचा फोर्झा इटालिया हा पक्ष २१ टक्के मते मिळवून इटलीत पहिला आला. हा पक्ष दोन महिन्यांत उभा राहिला असे सांगितले जाते, ते माझ्या मते अर्धेच खरे आहे. त्याची पायाभरणी दहा वर्षांहून अधिक काळ चालू होती.

कनाले ५, इटालिया १ आणि रेते ४ या तिन्ही खासगी वाहिन्या १९८४ पर्यंत बर्लुस्कोनींच्या हाती आल्या होत्या. देशव्यापी प्रक्षेपणाचा हक्क तेव्हा ‘राय’ या सरकारी प्रसारण संस्थेकडेच होता, म्हणून त्याच वर्षी काही न्यायाधीशांनी त्यांचे प्रक्षेपण रोखले, पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी यांनी वटहुकूम काढून ते वाचवले आणि १९९० च्या कायद्याने या व्यवस्थेवर शिक्कामोर्तब केले. या वाहिन्यांवर त्या काळी बातम्या जवळजवळ नव्हत्याच. चित्रपट, मालिका आणि खेळांचे कार्यक्रम तेवढे होते. तरीही १९८५ पूर्वी जिथे त्यांचे प्रक्षेपण पोहोचले होते, तिथे बर्लुस्कोनींच्या पक्षाला सुमारे एक टक्का अधिक मते पडल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. प्रचाराचा एक शब्दही न उच्चारता मतदार घडवता येतो, ही या इतिहासातील मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

१९९२ पासूनच्या लाचखोरीच्या चौकशांनी जुने सत्ताधारी पक्ष मोडून पडले आणि त्यांचा मतदार पोरका झाला. त्याला गाठण्यासाठी बर्लुस्कोनींच्या पुब्लितालिया या जाहिरात कंपनीतील अधिकाऱ्यांनी उमेदवार निवडले, देशभर क्लब काढले, जनमताच्या चाचण्या घेतल्या. मात्र पक्षाचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरायला १९९८ साल उजाडले. वाद घालून नेता निवडणारी, नेत्याला जाब विचारणारी संघटना तिथे कधी रुजलीच नाही, आणि माझ्या दृष्टीने ऱ्हासाचे मूळ इथेच आहे.

२००१ मध्ये पक्षाने २९ टक्क्यांपर्यंत मजल मारली. २००९ मध्ये तो एका मोठ्या उजव्या पक्षात विलीन झाला. त्या पक्षातून त्याचे सहसंस्थापक जियानफ्रँको फिनी २०१० मध्ये दुरावले, तर वारसदार मानले गेलेले अँजेलिनो अल्फानो २०१३ मध्ये बाहेर पडले. दरम्यान २०११ च्या कर्जसंकटात बर्लुस्कोनींचे पंतप्रधानपद गेले होते आणि २०१३ मध्ये करचुकवेगिरीच्या शिक्षेमुळे त्यांची सिनेटमधील जागाही गेली. जुन्या नावाने पुन्हा उभा केलेला पक्ष २०१८ मध्ये १४ आणि २०२२ मध्ये ८ टक्क्यांवर उतरला.

बर्लुस्कोनी १२ जून २०२३ रोजी वारले. पक्ष टिकला, पण त्याचा बराचसा मतदार तोवर इतर उजव्या पक्षांकडे वळला होता. १९९४ मध्ये उत्तरेतील लीग आणि फॅसिस्ट परंपरेतून आलेली राष्ट्रीय आघाडी या दोन पक्षांना सत्तेच्या दालनात प्रथम आणले ते बर्लुस्कोनींनीच. त्या दुसऱ्या परंपरेतील जॉर्जिया मेलोनी यांना त्यांनी २००८ मध्ये मंत्री केले होते. २०२२ मध्ये त्या २६ टक्के मते घेऊन पंतप्रधान झाल्या आणि फोर्झा इटालिया त्यांच्या सरकारातला दुय्यम भागीदार ठरला.