अंगावरचा संगणक कोणाच्या कामाचा?

(सांगलीत विश्रामबागेत झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवातीलाच मी विचारलं की तुमच्यापैकी किती जणांच्या अंगावर आत्ता संगणक आहे. स्मार्ट घड्याळवाल्या तरुणांनी लगेच हात वर केले. कानात श्रवणयंत्र लावलेल्या ज्येष्ठांपैकी मात्र कोणी केला नाही. खरं तर पहिला मान त्यांचा. १९५२ साली ट्रान्झिस्टर घातलेली जी पहिली वस्तू बाजारात विकायला आली, ती श्रवणयंत्रच होती. ट्रान्झिस्टरचा रेडिओ त्यानंतर दोन वर्षांनी आला.

आजच्या श्रवणयंत्राकडे जरा नीट पाहू, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं त्यातून निघतं. वय वाढलं की बहुतेकांचा उंच पट्टीचा आवाज आधी जातो. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, थ असली व्यंजनं निसटतात. म्हणून आजोबा म्हणतात, ‘आवाज येतोय रे, पण काय बोलतोस ते कळत नाही.’ अशा वेळी मोठ्यानं ओरडून काही होत नाही, नुसते स्वरच मोठे होतात. यंत्रातला प्रोसेसर येणारा आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांमध्ये विभागतो आणि त्या माणसाच्या श्रवणचाचणीत ज्या पट्टीत जेवढी तूट दिसली, तेवढीच भर तिथं घालतो. दोन मायक्रोफोन असले तर समोरून येणारा आवाज आणि पाठीमागचा गोंगाट यांतला फरकही तो ओळखतो. हे सगळं शेंगदाण्याएवढ्या जागेत, दिवसभर, पडदा नसताना चालतं. घालणाऱ्याला काही बघावं लागत नाही, दाबावं लागत नाही, आणि त्याचा फायदा त्याला त्याच क्षणी मिळतो. अंगावरच्या संगणकाचा इतका उत्तम नमुना मला दुसरा माहीत नाही. आपल्याकडे चष्मा लावायला कोणी लाजत नाही, श्रवणयंत्राला मात्र अजून लाजतात. याचं मला फार वाईट वाटतं.

आता इतिहासातली एक गोष्ट. माहितीशास्त्राचा पाया घालणारा क्लॉड शॅनन आणि गणितज्ञ एडवर्ड थॉर्प या दोघांनी १९६१ मध्ये सिगारेटच्या पाकिटाएवढा एक संगणक बनवला. बारा ट्रान्झिस्टरचा. तो अंगावर लपवून ते लास व्हेगासला गेले. रुलेट या जुगारातल्या चाकाचा आणि गोळीचा वेग एकानं पायाच्या अंगठ्यानं, बुटातलं बटण दाबून मोजायचा. गोळी चाकाच्या आठ भागांपैकी कुठल्या भागात पडेल याचा अंदाज सुरांच्या रूपात दुसऱ्याच्या कानात यायचा. कानाकडे जाणारी बारीक तार वारंवार तुटायची, हीच त्यांची मोठी अडचण. पुढं १९८५ मध्ये नेव्हाडा राज्यानं असली साधनं कायद्यानं बंद केली, ते योग्यच झालं. पण जुगार बाजूला ठेवून त्यातली रचना पाहा. डोळे चाकावर आहेत, हात मोकळे आहेत. आदेश पायाच्या अंगठ्यानं द्यायचा, उत्तर कानानं घ्यायचं. साठ वर्षांनंतरही आपण मनगटावर छोटा फोन बांधतो आणि दर दोन मिनिटांनी त्याच्याकडे बघतो. शॅनन-थॉर्पनी सोडवलेलं कोडं आपण मधेच टाकून दिलं, असं मला वाटतं.

त्यानंतर स्टीव्ह मान, थॅड स्टार्नर यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं संगणक अंगावर वागवत राहिली, १९९७ पासून या विषयाच्या आंतरराष्ट्रीय परिषदा सुरू झाल्या. २०१३ मध्ये गूगल ग्लास आला, दीड हजार डॉलरचा. चष्म्यात कॅमेरा. समोरच्या माणसाला कळेना की हा माझ्याशी बोलतोय की माझं चित्रण करतोय. २०१५ च्या जानेवारीत त्याची सर्वसाधारण विक्री थांबली. यंत्र घालणाऱ्यापलीकडेही माणसं असतात, हा विचार त्यात कमी पडला होता.

मनगटावर येऊ. घड्याळाच्या पाठीमागं हिरवा दिवा लुकलुकतो, तो सगळ्यांनी पाहिला असेल. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं. हृदयाच्या ठोक्यागणिक मनगटात रक्त वाढतं तेव्हा परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो, मधल्या वेळात किंचित वाढतो. हे चढउतार मोजले की नाडी मिळते. यात फसवणूक नाही. बसलेल्या माणसाची नाडी घड्याळ चांगली सांगतं. हात जोरजोरात हलू लागला, पट्टा सैल पडला, घाम साचला, की आकडा भरकटतो. झोपेचे टप्पे आणि खर्च झालेल्या कॅलरी यांचं तसं नाही. तिथं नाडी आणि हालचालींवरून बांधलेला अंदाज असतो, मोजमाप नव्हे. आणि दहा हजार पावलांचं म्हणाल तर तो आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक साधन विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. चालणं उत्तमच, पण नऊ हजार पावलं झाली म्हणून रात्री अंगणात फेऱ्या मारणाऱ्यांनी निवांत झोपावं.

मग हे आकडे वाचायचे कसे? सांगलीकरांना हे शिकवायला नको. पावसाळ्यात आपण सगळे आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी विचारतो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ आहे. पण नुसतं ‘अडतीस फूट’ ऐकून कोणी सामान माळ्यावर टाकत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: चढतंय का उतरतंय? तासाला किती? घड्याळाचा आकडा असाच वाचायचा. माझी विश्रांतीची नाडी बहात्तर आणि तुमची चौसष्ट, यात काही नाही. तुमची चौसष्टची तीन आठवड्यांत अठ्ठ्याहत्तर झाली, तर मात्र डॉक्टरांकडे जायला कारण आहे. शेजाऱ्याशी तुलना करण्यात काही हशील नाही, आपली आपल्याशी करावी.

हृदयाच्या अनियमित ठोक्यांबद्दल एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. घड्याळ वापरणारे सुमारे ४ लाख १९ हजार लोक त्यात होते. त्यांतल्या जेमतेम अर्धा टक्का लोकांना ‘ठोके अनियमित आहेत’ अशी सूचना आली. त्यांना छातीवर लावायची ईसीजीची पट्टी पाठवली गेली, आणि ज्यांनी ती लावून परत केली त्यांतल्या ३४ टक्के लोकांच्या नोंदीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, सापडलं. हा विकार अधूनमधून येतो-जातो, त्यामुळे पट्टीत न सापडलेल्या सगळ्यांना खोटी सूचना आली असंही म्हणता येत नाही. एट्रियल फिब्रिलेशनमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो, तेव्हा सूचना आली तर दुर्लक्ष करू नका. आणि सूचना आली नाही म्हणून छातीतली कळ अंगावर काढू नका. घड्याळ हार्ट अटॅक ओळखत नाही. मिरज आपल्याला इतक्या जवळ आहे, तिथल्या रुग्णालयात जा.

कोरोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानं १९७४ च्या सुमारास मांडलेलं तत्त्व त्यात आहे: लाल आणि अवरक्त, दोन प्रकाश, त्यांच्या शोषणातला फरक. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या अभ्यासातून दिसलं की, रक्तातला ऑक्सिजन खरोखर घटलेला असूनही यंत्र तो ठीक दाखवतं, असं गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये जवळजवळ तिप्पट वेळा घडतं. त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. आपण सावळी, काळी माणसं. प्रकाशावर चालणारं प्रत्येक साधन आपल्या त्वचेवर तपासलंय का, हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

मधुमेहाचं थोडक्यात सांगतो. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. दंडावर चिकटवायचा सेन्सर येतो, त्याची केसासारखी तार त्वचेखालच्या द्रवात राहते आणि दर काही मिनिटांनी साखर कळते. रक्तापेक्षा हा आकडा थोडा मागं असतो, पण भाकरी खाल्ल्यावर काय होतं आणि चहा-बिस्किटानंतर काय होतं, हे माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. एकच सावधगिरी: सुई-तार काही नाही, नुसत्या घड्याळानं किंवा अंगठीनं साखर मोजू, असं कोणी म्हणालं तर घेऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२४ च्या फेब्रुवारीत अशा साधनांविरुद्ध लोकांना इशारा दिलेला आहे. त्या आकड्यावर कोणी इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतेल.

आता ज्यासाठी मी इथं आलो ते. आपल्या जिल्ह्यात भिलवडीच्या चितळ्यांनी म्हशींच्या कानात आरएफआयडीचे, म्हणजे रेडिओलहरींनी ओळख पटवणारे, बिल्ले घालून त्यांची नोंद संगणकावर ठेवायला केव्हाच सुरुवात केली. गोठ्यासाठी ते फार उपयोगाचं आहे. म्हशीचं दूध, आजार, रेतन सगळं एका जागी दिसतं. तिथं माहिती मालक वाचतो, त्यात वावगं नाही. पण हीच पद्धत माणसाला लावली की? नागपूर, चंडीगड, पंचकुला इथल्या सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळं बांधायला लावली गेली. ते कुठं आहेत, किती वेळ थांबले, हे वरच्यांना दिसतं. कामगारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. ते घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं, पण त्यातलं काहीही त्यांच्यासाठी नव्हतं. त्यांना हातमोजे हवे होते, बूट हवे होते.

म्हणून माझी कसोटी अशी आहे: यंत्रातली माहिती आधी कोणाकडे जाते? ऊसतोडीचा फड डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारी-मार्चचं ऊन, वाकून कोयता चालवायचा, मग मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरपर्यंत. नाडी सतत चढलेली राहते, विश्रांती घेतली तरी उतरत नाही, तेव्हा शरीर तापत चाललेलं असू शकतं. हे टिपणारं साधन आज बनवता येतं. ऊस तोडणाऱ्या बाईच्या दंडावर ते थरथरलं आणि तिला कळलं की आता सावलीत बसायचं, पाणी प्यायचं, तर तिचा जीव वाचेल. तोच आकडा मुकादमाच्या फोनवर गेला, तर पुढच्या हंगामाला तिची उचल नाकारली जाईल. सेन्सर तोच, नाडीही तीच. २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा संमती मागतो, दिलेली संमती मागे घेऊ देतो. पण नोकरीच्या काही कारणांसाठी संमतीविना माहिती वापरायची वाटही त्यात ठेवली आहे. तेव्हा सगळं कायद्यावर सोडून चालणार नाही. यंत्राची रचनाच अशी हवी की माहिती बाहेर जाऊच नये.

इथं अभियांत्रिकीची मुलंमुली बसली आहेत. दरवर्षी तुम्ही शेवटच्या वर्षाचे प्रकल्प करता. हे करा. मनगटावर नको, कोयता चालवताना मनगट हलतं आणि बाईच्या हातात बांगड्या असतात. दंडावर पट्टा बसवा, तिथं नाडी जास्त स्थिर मिळते. लुगड्याला खिसा नसतो, फोन घरधन्याकडे असतो, म्हणून फोनवाचून चालायला हवं. पडदा नको, नुसती थरथर. ब्लूटूथही नको. कोपीत वीज नसते, तेव्हा रोजचं चार्जिंग विसरा. सगळ्यात जास्त वीज नाडी मोजणारा दिवा खातो; तो सतत न लावता थोडा वेळ लावा, मधल्या वेळात हालचालीच्या सेन्सरवर भागवा. घामानं आणि पाचटाच्या धुळीनं काय होतं ते प्रयोगशाळेत कळणार नाही, त्यासाठी फडातच जावं लागेल. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो. टोळ्या आल्या की आधी तिथल्या बायांशी बोला, पट्टा दाखवा, काय खुपतंय ते विचारा, आणि सोल्डरिंगला त्यानंतर बसा.