दारावर बांधलेला आश्विन

दसऱ्याचं तोरण कसं ओवायचं ते मी आज करून दाखवणार आहे, पण सुरुवात दसऱ्यापासून करत नाही. त्यानंतर पाचव्या दिवशी, आश्विन पौर्णिमेला, आमच्या कोकणात दाराला ‘नवं’ बांधतात, तिथून करते. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात तोवर तयार होतं. वडील पहाटे शेतावरून भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस आणि बांधावरचा कुरडू घेऊन यायचे. कुरडू म्हणजे तो गुलाबी-पांढरा तुरा, एरवी तण म्हणून उपटून टाकतात तो. हे सगळं आंब्याच्या पानात धरून दोऱ्याने गुंडाळायचं आणि चौकटीला बांधायचं. एक जुडी तुळशीला, एक नांगराला. शेतात काय पिकलं ते आमच्या दारावर वाचता यायचं.

दसऱ्याच्या तोरणाकडे मी याच नजरेने बघते. त्यात त्या महिन्यात जमिनीने दिलेलं काहीतरी असायला हवं. प्लास्टिकचं तोरण वर्षभर टिकतं हे खरं, पण त्यावरून आश्विन आहे की वैशाख हे कळत नाही. म्हणून मला ते नको वाटतं.

आता हात चालवू. पाणी शिंपडून भिजवलेली सुतळी घ्या, चौकटीच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे वीतभर जास्त. आंब्याची पानं लालसर कोवळी घेऊ नका, ती संध्याकाळपर्यंत माना टाकतात. पूर्ण हिरवी झालेली, जाड पानं घ्या, ओल्या फडक्याने पुसा. पान देठाकडून सुतळीवर दुमडायचं आणि खराट्याच्या हिराचा बोटभर तुकडा घालून टाचायचं. स्टेपलरने काम पटकन होतं, पण पान वाळायला लागलं की पिनेपाशी फाटतं. हीर मात्र पानासोबत वाळतो आणि धरून ठेवतो.

झेंडूचं खरं दुखणं परतीचा पाऊस. बाजारात पहाटे आलेलं फूल वरून टवटवीत दिसतं आणि आत पाणी धरून असतं. तसंच ओवलं तर दुसऱ्या दिवशी मधून काळं पडतं. आदल्या रात्री वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली ठेवा, देठ खाली करून. ओवताना दाभण हिरव्या भागातून, देठाच्या बाजूने घालून वर काढायचं. पाकळ्यांतून आडवं घातलं की फूल उकलतं. आपण ज्याला पाकळी म्हणतो ते खरं तर एकेक स्वतंत्र फूल असतं, अशी शेकडो फुलं त्या हिरव्या पेल्यात बसलेली असतात. म्हणून पेला धरायचा.

हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे त्याला सेम्पासूचिल म्हणतात, आणि १ व २ नोव्हेंबरला घरी येणाऱ्या पितरांना वाट दिसावी म्हणून दारापर्यंत त्याच्या पाकळ्या अंथरतात. आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या काळात आला असं मानतात. दोन्हीकडे तो शरदातच दाराशी येतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सुतळी ताणून बांधू नका, मधे चार बोटं झोळ राहू द्या. शक्य असेल तर दोन्ही टोकांना भाताची एकेक लोंबी लावा. शहरात मिळणं कठीण आहे, पण गावाहून कुणी येत असेल तर सांगून ठेवा.

आणि एक विनंती, दुसऱ्या दिवशी तोरण उतरवू नका. वाळू द्या. निदान दिवाळीच्या साफसफाईपर्यंत राहू द्या. वाळलेलं फूल तळहातावर चुरडलं की काळ्या सुयांसारखं बी निघतं, टोकाला पांढरट कुंचला असलेलं. ते कागदाच्या पुडीत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी धरते. जूनच्या शेवटी किंवा जुलैच्या सुरुवातीला कुंडीत पेरा. बाजारचा झेंडू बहुतेक संकरित असतो, त्यामुळे पुढच्या पिढीतलं फूल लहान येईल, एखादं एकेरी पाकळ्यांचंही येईल. तेही ओवा.